तिसऱ्या मजल्यावरच्या रंगवलेल्या काचा

माझ्या मोठ्या जाऊबाईंना कुणी देवभोळी म्हटलं की मला राग येतो. भोळेपणा त्यांच्या अंगाला कधी चिकटलाच नाही. देवभोळी माणसं हळू बोलतात, सगळ्याला मान डोलावतात आणि कुणी टपली मारली तरी वरच्याची मर्जी म्हणून गप्प बसतात. जाऊबाई देवाच्या वतीने भांडायच्या. देवाला वकील लागतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण लागत असेल तर तो त्याला आमच्या घरात फुकटात मिळाला होता.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "तू जीव ओतून एक कॉलर शिवलीस, टोकं कशी सुबक काढलीस, आणि घालणाऱ्याने न बघताच वरचं बटण लावलं, तर तुला कसं वाटेल? मग त्याने रोज सकाळी एवढं आभाळ मांडून ठेवायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून दात घासायचे? काही लाज?"

त्याने म्हणजे देवाने. देवाचा उल्लेख त्या अशा करायच्या, जणू तो शेजारच्या गल्लीत राहणारा कुणी मेहनती कारागीर आहे आणि लोक त्याच्यावर अन्याय करताहेत.

हे ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात आली. मी मोरीपाशी दात घासत होते. कामाला उशीर झाला होता. जाऊबाईंनी माझा दंड धरला आणि तोंडात फेस असतानाच मला जिन्यात ओढत नेलं. जिन्याच्या कठड्याला कोळ्याने जाळं विणलं होतं आणि दवाने त्याचा एकेक धागा भरला होता.

"बघ."

"बघितलं," मी कशीबशी म्हणाले.

"बघितलं नाहीस. नुसती नजर टाकलीस. परत बघ."

आतून सासूबाई ओरडल्या, "दोघी तिथेच राहा आता. कोळ्याला एकटं वाटायला नको."

मी धुसफुसत तोंड धुतलं. मनात म्हटलं, या घरात दिवस काढायचे म्हणजे कठीण आहे.

ही सवय त्यांना वडिलांकडून लागली होती. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. संध्याकाळी घरी आले की प्रत्येक पोराला विचारायचे, आज काय बघितलंस? ज्याला सांगता यायचं नाही त्याने बाहेर जाऊन काहीतरी बघून यायचं, मग ताटावर बसायचं. सगळ्यांचं सांगून झालं की ते छताकडे तोंड करून म्हणायचे, "पोरांनी बघितलं बरं का." एवढीच त्यांची प्रार्थना. पार्सल आलं की आपण सही करून पोच देतो, तशी. जाऊबाईही तेच करायच्या. काही दिसलं की थांबायच्या, पुरतं बघायच्या आणि पुटपुटायच्या, "बघितलं रे." त्यांच्या तोंडून दुसरी प्रार्थना मी ऐकली नाही.

आम्ही दोघी शर्टांच्या एकाच कारखान्यात होतो. तिसऱ्या मजल्यावर लांबच लांब हॉल, चार रांगांत चाळीस मशिनं. डाव्या हाताला सहा मोठ्या खिडक्या. खिडक्यांबाहेर पलीकडच्या गोदामाची विटांची मागची भिंत, तिच्यावरून उतरलेला पाण्याचा पाइप, पत्र्याच्या छपराची कड आणि वर दोन हातांचं आभाळ. जाऊबाई खिडकीच्या रांगेत कॉलरी शिवायच्या, मी त्यांच्या मागे बटणांची काजं करायच्या मशिनवर. तीन वर्षं मी तिथे बसले आणि मला ती भिंतच दिसली. त्यांना विचारलं असतं तर त्या अर्धा तास बोलल्या असत्या. पाइपच्या सांध्यातून पाणी झिरपतं तिथे शेवाळ आहे, ते महिन्या-महिन्याला रंग बदलतं. दोन विटांच्या फटीत एक रानटी रोप आहे, त्याला नखाएवढी पिवळी फुलं येतात. छपराच्या कडेखाली पाकोळ्यांनी मातीचं घरटं बांधलंय, गवंड्याने हात जोडावेत असं.

आणि हे त्या कामाच्या वेळेत बघायच्या, पण कामाचं मिनिट खाऊन नाही. मशिनखालच्या बॉबिनमधला धागा तासा-दोन तासाने संपतो. बॉबिन बदलायला डोळे लागत नाहीत, निदान जाऊबाईंना लागायचे नाहीत. बोटं खाली आपलं काम करायची आणि मान डावीकडे वळायची. बॉबिन बसली की मान सरळ. अकरा वर्षांत त्यांची एक कॉलर तपासणीतून परत आली नव्हती.

आमच्या सुपरवायझरला सगळ्या घड्याळबुवा म्हणायच्या. बोलताना तो माणसाकडे बघायचाच नाही, मनगटाकडे बघायचा. पण वेळ मोजायची त्याची हौस मालकांना पुरेना. त्यांनी बाहेरून एक तज्ज्ञ आणला. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून तो चार दिवस आमच्या मागे उभा राहिला. कोण किती वेळा पाणी पितं, किती वेळा उठतं, सगळं लिहून घेतलं. नंतर त्याचा कागद दाराजवळ लागला. त्यावर माझ्या पाणी पिण्याची एक निळी रेघ होती, ती बरीच उंच होती. खिडकीच्या रांगेसाठी वेगळा लाल रकाना होता. रोज सरासरी अकरा मिनिटं माना बाहेर वळतात, असं त्यात लिहिलं होतं. बॉबिनचा उल्लेख कुठेही नव्हता. त्या माणसाने माना मोजल्या, हात बघितलेच नाहीत.

पुढच्या सोमवारी आम्ही हॉलमध्ये आलो तर ऑइलपेंटचा उग्र वास भरला होता. सहाही खिडक्यांच्या काचा वरपासून खालपर्यंत पांढऱ्या फासल्या होत्या. सगळ्या ट्यूबलाइट भरदिवसा लावलेल्या.

एकजण म्हणाली, "बरं झालं बाई, उन्हाची तिरीप डोळ्यावर यायची." दोघी-तिघींनी हो म्हटलं. मीही म्हटलं.

जाऊबाईंनी पिशवी खिळ्याला अडकवली, बसल्या, शिवायला लागल्या. पहिली बॉबिन संपली. सवयीने मान डावीकडे वळली. समोर पांढरं. बॉबिन बदलायला लागतो तेवढा सगळा वेळ जाऊबाई त्या पांढऱ्याकडे बघत राहिल्या. मग मशिनचं बटण बंद केलं आणि उठल्या.

मी त्यांच्या मागे धावले. धीर द्यायला नव्हे, घाबरून. त्यांची नोकरी गेली तर माझीही जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मालकांची खोली दुसऱ्या मजल्यावर. स्वच्छ पुसलेली मोठी खिडकी, बाहेर हिरवंगार झाड, टेबलावर ताज्या फुलांचा गुच्छ. मालक श्रद्धाळू म्हणून प्रसिद्ध होते. सकाळी पहिली दहा मिनिटं त्यांचं दार बंद असायचं, ती प्रार्थनेची वेळ, तेव्हा कुणी टकटक करायची नाही. बोलणं लोण्यासारखं. घड्याळबुवा तिथेच उभा होता.

"बसा ना," मालक म्हणाले.

"उभीच बरी आहे. काचा का रंगवल्या?"

"कामात लक्ष राहावं म्हणून. तुमच्याच भल्याचं आहे."

"माझी कॉलर परत आलीय कधी?"

मालकांनी घड्याळबुवाकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या पदरात टाकते.

"प्रश्न तुमच्या एकटीचा नाही," मालक म्हणाले. "हे बघा, मीही देवाला मानणारा माणूस आहे. तुम्हीही मानता असं ऐकलंय. मग तुम्हाला कळेल. त्याला बघायला खिडकी लागत नाही. डोळे मिटले की तो आत दिसतो."

"तुमचं चांगलंय," जाऊबाई म्हणाल्या. "मी डोळे मिटले की मला झोप लागते. मला तो उघड्या डोळ्यांनीच दिसतो, आणि त्या मागच्या भिंतीवर रोज दिसायचा. डोळे मिटून भागत असेल तर साहेब, ही काचही रंगवून घ्या. डब्यात रंग उरला असेलच."

घड्याळबुवाला खोकला आला. मालकांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण ताठ झालं. "जा, कामाला लागा," ते म्हणाले.

जिना चढताना जाऊबाईंचं तोंड सुरू होतं. "विचारलं का याने कुणाला? भिंत याच्या शेजाऱ्याची, आभाळ कुणाचंच नाही, आणि झाकणारा हा कोण? वर मला देव शिकवतो, फुलांच्या गुच्छाआडून."

चौथ्या दिवशी त्यांच्या मशिनशेजारच्या काचेवर नाण्याएवढं भोक दिसलं. धागे कापायला आमच्याकडे छोट्या कात्र्या असायच्या, त्यांतल्या एकीच्या टोकाने रंग खरवडला होता. संध्याकाळी घड्याळबुवाने त्यावर ब्रश फिरवला. दोन दिवसांनी थोडं खाली दुसरं भोक. त्यावरही ब्रश. मग कोपऱ्यात तिसरं. जेवणाच्या सुट्टीत बायका पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडून जायच्या आणि क्षणभर डोळा लावायच्या. घरट्यात पिल्लं निघाली होती. "चार चोची आहेत," जाऊबाई मला मागे वळून सांगायच्या. मी म्हणायची, "हळू बोला." मी एकदाही बघायला उठले नाही.

मग एका दुपारी घड्याळबुवाने मला एकटीला कापड कापायच्या खोलीत बोलावलं. मनगटाकडे बघतच म्हणाला, "तुमच्या घरातल्या दोघी इथे आहेत. एक गेली तर घर चालेल. दोघी गेल्या तर? काच कोण खरवडतं, सांगा."

मी सांगितलं. तोंडात खडा आल्यावर आपण पटकन थुंकतो, तसं नाव टाकलं आणि बाहेर आले.

आज इतक्या वर्षांनीही त्या खोलीचा विचार आला की माझे कान तापतात. त्याला माहीत नव्हतं असं नाही. अख्ख्या हॉलला माहीत होतं. पण त्याला आणि मालकांना ते घरातल्याच माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, म्हणजे उद्या जाऊबाईंच्या बाजूने उभं राहायला कुणी उरू नये. आणि मी ते त्यांच्या हातात नेऊन दिलं.

जाऊबाईंना काढलं नाही. इतकी चांगली कारागीर कोण घालवतं? त्यांना तळघरात पाठवलं, इस्त्रीच्या वाफेच्या यंत्रांवर. तिथे खिडकीच नव्हती. पाइप, ओल धरलेल्या भिंती आणि दिवसभर फुसफुसणारी वाफ.

घरी त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा चहा मात्र रोज झाकून ठेवलेला असायचा, ते जास्त लागायचं. पाचव्या दिवशी मी भांडी घासता घासता म्हणाले, "जाऊबाई, चुकले मी."

"चुकलीस," त्या म्हणाल्या. "खाली गेले याचं मला काही नाही. पोटासाठी माणूस घाबरतो. पण तू एकदाही त्या भोकातून बघितलं नाहीस, आणि तरी साक्ष दिलीस. न बघितलेल्याची साक्ष कुणी देतं का गं?"

मी ताट विसळत राहिले.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांना सगळ्यांची समजूत घालायची आवड. म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. देव काय तळघरात नाही? वाफेतसुद्धा सौंदर्य असतं, शोधणाऱ्याला सापडतं."

सासूबाईंनी मला डोळ्याने खूण केली की आता बघ, आणि झालंच तसं.

"सापडतं," जाऊबाई म्हणाल्या. "परवा दिव्याखाली वाफेचा लोट वळला, नदीतल्या भोवऱ्यासारखा. मी बघितला, त्याला सांगितलंही. पण काकू, तो मला तळघरात भेटतो म्हणून मला तिथे कोंडायचा परवाना कुणाला मिळत नाही. त्याचा चांगुलपणा यांनी आपल्या नावावर करून घ्यायचा? तो भेटतो, ही त्याची माया. मला खाली घातलं, हा यांचा नालायकपणा. दोन्हीची खिचडी करू नका."

काकूंनी अर्धा चहा तसाच टाकला.

मला त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी एकच वाक्य टोचत राहिलं, साक्षीचं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. जाऊबाईंच्या जुन्या जागेवर आता दुसरी बाई बसायची, ती हात धुवायला गेली होती. मी माझी कात्री घेतली आणि काच खरवडली. रंग वाटला त्याहून चिवट होता, दोनदा हात घसरला. नखाएवढं भोक पडलं, त्याला डोळा लावला.

त्या भिंतीवर दिवसातून जेमतेम अर्धा तास ऊन येत असावं आणि तो अर्धा तास तेव्हाच चालू होता. विटा आतून दिवा लावल्यासारख्या लाल झाल्या होत्या. पाइपच्या कडेचं शेवाळ एका ठिकाणी पोपटी, एका ठिकाणी जवळजवळ काळं, आणि मधे ओलीची चमकती रेघ. पिवळं फूल होतं, एकच, वाऱ्याने टकटक विटेवर आपटणारं. घरट्याच्या काठावर एक पिल्लू येऊन बसलं होतं. पंख उघडायचं आणि घाबरून मिटायचं. तेवढ्यात त्याची आई आली, थांबली नाही, त्याच्या तोंडासमोरून सुळकन गेली, परत आली, परत गेली. चोचीत किडा होता आणि देत नव्हती. चल म्हणत होती.

मला वाटलं होतं रडू येईल. आला तो संताप. तीन वर्षं हे माझ्या डाव्या हाताला चार पावलांवर होतं आणि मी बघितलं नव्हतं, तो माझ्यावर. आणि जिने बघितलं तिला जमिनीखाली घातलं होतं, तो त्यांच्यावर. अकरा मिनिटांचा लाल रकाना काढणाऱ्या त्या माणसाने स्टॉपवॉच खाली ठेवून एकदा मान वळवली असती तर त्यालाही हे दिसलं असतं. मी कात्री आडवी धरली आणि खरवडतच सुटले.

मागून कुणीतरी विचारलं, "काय करतेस?"

"खिडकी पुसतेय."

त्या बाईने वाकून बाहेर बघितलं. मग तिने आपली कात्री काढली. मग तिसरी आली. नंतर मी मोजलं नाही. कुणी कात्रीने, कुणी नखाने, कुणी डब्याच्या झाकणाने. सुट्टी संपायच्या आत सहाही काचा ओरखडे पडून उघड्या झाल्या आणि जमिनीवर पांढऱ्या रंगाच्या पापुद्र्यांचा सडा पडला. उन्हाचे पट्टे मशिनांवर आले.

घड्याळबुवा दारात येऊन थबकला. मनगट वर केलं, पण बघितलं नाही. मग मालक आले.

"कुणी केलं हे?"

सगळ्यांच्या कपड्यांवर पांढरे कण होते, पण कुणी तोंड उघडलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. मी कुठल्या तोंडाने देणार?

"मी केलं," मी म्हणाले. "आणि जाऊबाईंना वर आणा. त्यांचं नाव मी सांगितलं होतं, तेव्हा मी काही बघितलेलं नव्हतं. आता बघितलंय."

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग चाळीस जणींच्या कपड्यांकडे. चाळीस जणींना एकदम काढता येत नाही, त्यातून शर्टांची मोठी खेप त्याच आठवड्यात जायची होती. ते घड्याळबुवाला म्हणाले, "काचा नीट पुसून घ्या. असं अर्धवट बरं दिसत नाही." आणि खाली गेले. चूक झाली असं म्हणणं तर सोडाच, माझ्या बोलण्याला उत्तरसुद्धा दिलं नाही.

काचा पुन्हा कधी रंगवल्या नाहीत. मला एक आठवडा घरी बसवलं. जाऊबाईंना मात्र वर आणलं नाही. मी तीनदा जाऊन विचारलं, तिन्ही वेळा एकच शब्द ऐकला, शिस्त. पाकोळीची पिल्लं उडून गेली तेव्हा त्या तळघरात होत्या. मी रोज संध्याकाळी त्यांना जाऊन सांगायची आणि त्या माझी उलटतपासणी घ्यायच्या.

"पाठ कुठल्या रंगाची?"

"काळी."

"नुसती काळी?"

मी आठवायची. "वळली की निळी दिसते."

"हां. आता बघितलंस."

चौदा महिने त्या खाली राहिल्या. वाफेने गुडघे धरले, दम लागायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच काम सोडलं. आता घरीच शाळेचे गणवेश शिवतात, मशिन खिडकीला लावून. त्या गेल्यावर मीही फार दिवस राहिले नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघी दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो, तर मालक समोरून चढत आले. केस पांढरे झालेत, पण बोलणं तेच. त्यांनी ओळखलं, नमस्कार केला, तब्येत विचारली. मग हसून म्हणाले, "अजून रागावला आहात का आमच्यावर?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या.

"इतकी वर्षं झाली. श्रद्धा असलेल्या माणसाने मनात राग ठेवू नये."

"त्याच्यावर ठेवू नये. तुमच्यावर ठेवलेला त्याला चालतो."

मालक हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

"मी थट्टा करत नाही साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "चौदा महिने. तेवढ्यात त्याने काय काय केलं असेल त्या भिंतीवर, ते मला कोण दाखवणार?"

मालकांची वर डॉक्टर वाट बघत होते. तसं म्हणून ते निघून गेले.

रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊबाई फणफणत होत्या. तिथे गुडघे दुखले म्हणून एका बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, जाऊ द्या ना आता, शांत व्हा. मी तसं काही म्हटलं नाही. मलाही अजून राग होता.